धारा मोजल्या, दिनकर

दिनकर,

तू गेल्याचं कार्ड मी चहा पिता पिता वाचलं. आमच्यात अशा कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. हातात पडताच माणूस सावध होतो, उभ्या उभ्या वाचतो आणि घरात न नेता बाहेरच फाडून टाकतो. तुमच्यात ते मानत नाहीत, म्हणून वहिनींनी कोपरा शाबूत ठेवला. साताऱ्याचा शिक्का बघून मला वाटलं, तूच लिहिलंस. आला एकदाचा शुद्धीवर, असं मनात म्हणत मी बशीत चहा ओतला, चष्मा शोधला आणि ऐसपैस बसलो. चार ओळी होत्या. काविळीनं गेलास, आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी. कार्ड हातात पडलं तो सोमवार होता.

म्हणजे जाताजाताही मला उशीर करायला लावलास. तुझी ही खोड जुनीच.

तुझ्या कॉलेजात शोकसभा होईल किंवा झालीही असेल. कुणीतरी उठून तुला मनमिळाऊ म्हणेल. मी तिथं असतो तर हसलो असतो. तू हट्टी होतास, खवचट होतास, आणि समोरचा चुकतोय हे दिसलं की तुला त्याच्या तोंडाकडे बघत गप्प बसायची वाईट सवय होती. भांडणारा माणूस परवडतो. तू गप्प बसलास की मला माझाच आवाज ऐकू यायचा आणि मी आणखी वाढवून बोलायचो.

तुझं पार्सल माझ्याकडे आहे. गोणपाटात शिवलेलं, दोन हात लांब, सांगलीच्या एस.टी. स्टँडवर मी सही करून घेतलेलं. तेरा महिने ते कॉलेजातल्या माझ्या खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून होतं. मी फोडलं नाही. आत काय आहे ते मला बाहेरून चाचपूनच कळलं होतं, म्हणून फोडलं नाही.

आठवतं का, त्या झाडाच्या नादाला पहिल्यांदा कोण लागलं? तू म्हणायचास मी, मी म्हणायचो तू. कोरेगावहून लोणंदकडे सायकली मारत निघालो होतो, रुळाच्या बाजूबाजूनं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, खांद्याला वनस्पती गोळा करायचा पत्र्याचा डबा. एका मळ्याच्या बांधावर तो उभा होता. आपल्याला तोवर निवडुंग म्हणजे गुडघ्याएवढा फड्या किंवा कुंपणाच्या वईचा दुधाळ साबर एवढंच ठाऊक. आणि हा तर सरळ झाड होता. बुंधा बाभळीएवढा जाड, करडा, साल धरलेला. खाली धारा, म्हणजे खोडाच्या उभ्या कडा, बुजून खोड गोल झालेलं, आणि माणसाच्या डोक्याच्या वर गेल्यावर एकेक फांदी बाहेर निघून लगेच आभाळाकडे वळलेली. पान औषधाला नाही. तू खिशातला चाकू काढून फांदीला टोचलास आणि म्हणालास, "दूध न्हाई, वश्या. ह्यो साबर न्हवं. ह्यो खरा निवडुंग हाय."

मग तू प्रत्येक धारेवरच्या त्या बारीक लोकरीच्या गाद्या दाखवल्यास. काटे गादीतून, फूल गादीतून, नवी फांदीही गादीतूनच. ही गादी असेल तर निवडुंग, नसेल तर दुसरं काहीही. पुस्तकात ते मी तुझ्याआधी वाचलं होतं, पण झाडावर बघितलं तुझ्या बोटामागून. त्या दिवशी मालकिणीनं आपल्याला हटकलं, बांधावर काय शोधताय म्हणून, आणि तू तिला सांगितलंस की हे झाड सातासमुद्रापलीकडचं आहे. ती म्हणाली, पलीकडचं असू दे न्हाई तर आलीकडचं, शेळ्या आत येत न्हाईत तेवढं बास हाय.

त्या झाडाची एक फांदी आपण कॉलेजात नेऊन कागदात दाबली आणि हसं करून घेतलं. बाकीच्या झाडपाल्यासारखीच दाबली, वर दगड ठेवले. दोन महिन्यांनी सरांनी कागद उघडला तर चपट्या झालेल्या फांदीच्या कडेला हिरवा कोंब. सगळा वर्ग हसला. सरांनी सांगितलं, निवडुंगाला आधी उभा चिरायचा, आतला गर खरवडून काढायचा, उकळत्या पाण्यात टाकून मारायचा आणि मगच दाबायचा. तो नुसता दाबून मरत नाही. तू वहीत ते लिहून घेतलंस आणि खाली दोन रेघा मारल्यास.

पुढं मी एम.एस्सी.ला गेलो. माझ्यामागे वडिलांचा ऊस होता. तुझ्यामागे आई आणि तीन भावंडं, म्हणून तू साताऱ्यातच प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटलास. यात माझा दोष नाही असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. तेवढ्यापुरतं ते खरंही आहे.

पण आपण झाड सोडलं नाही. सेरिअस हे त्याच्या प्रजातीचं नाव आपण इतक्यांदा घेतलं की तुझ्या आईलाही पाठ झालं होतं. सुट्टी लागली की मी साताऱ्याला नाही तर तू सांगलीला. पांढरं वीतभर फूल, त्याला देठ नाही, नुसती लांब नळी. दिवस मावळल्यावर उमलायचं आणि ऊन अंगावर आलं की मान टाकायचं. आपण पहाटेच्या गाडीनं जाऊन कोमेजायला लागलेलीच फुलं बघायचो. फळ लाल, गुळगुळीत, बिनकाट्याचं. पिकलं की आपोआप उकलायचं आणि पांढऱ्या गरात तिळासारखं काळं बी. तू ते खायचास आणि मलाही खायला लावायचास. गोड नसायचंच फारसं.

बहात्तरच्या दुष्काळात तू केलेलं काम मी कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो. कुपवाडच्या माळावर एक मोठं झाड होतं, आपल्याला सापडलेलं सगळ्यात म्हातारं. महिन्यातून एकदा तू साताऱ्याहून येऊन त्याच्या एकाच फांदीला, एकाच उंचीवर सुतळी गुंडाळायचास आणि जिथं वेढा पुरा होईल तिथं गाठ मारायचास. झाड आटत गेलं तशा गाठी सुतळीच्या टोकाजवळ येत गेल्या. धारा मिटून पातळ झाल्या, मधल्या खाचा खोल गेल्या. माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती आणि तू झाडाचं पोट मोजत होतास. लोक तुला येडा म्हणाले. पाऊस झाल्यावर महिन्याभरात शेवटची गाठ पहिलीच्याही पुढं गेली. धारा उघडतात, मिटतात, भात्यासारख्या. धारा कशासाठी असतात ते तुला त्या सुतळीनं कळलं आणि मला तू सांगितल्यावर.

आणि त्याच धारांवरून आपलं वाजलं.

लोणंदकडच्या झाडांना चार-पाच धारा. कुपवाडच्या झाडाला आठ. मी म्हणालो, दोन जाती. तू म्हणालास, एक. मी पुस्तक उघडलं, तू म्हणालास पुस्तकवाल्यानं कुंडीतलं झाड बघितलं असंल. सावली, पाणी, वय, याप्रमाणे झाड धारा वाढवतं आणि कमी करतं, असं तुझं म्हणणं. मी पुरावा मागितला. तू म्हणालास, थांब जरा, तीन वर्सं दे. कुपवाडच्या माळावर कारखान्यांचे प्लॉट पडत होते, ते झाड जाणार हे दिसत होतंच. तू त्याची हातभर फांदी कापून साताऱ्याला नेलीस. लगेच लावली नाहीस. प्रयोगशाळेच्या खिडकीत तीन आठवडे आडवी ठेवलीस, कापलेली जागा कोरडी होऊन तिच्यावर पापुद्रा धरेपर्यंत. मी विचारलं तर म्हणालास, "वली लावली तर कुजती. जखम सुकू द्यायची असती."

झाड पडलं तेव्हा मी सांगलीतच होतो. सायकलवरनं कामाला निघालेल्या माणसांना वळसा पडत होता, म्हणून ते आधी तोडलं. मी बघायला गेलो नाही.

मी तीन वर्षं थांबलो नाही. दोन थांबलो. दोन जाती, त्यातली एक या भागात पहिल्यांदाच नोंदवलेली, असा निबंध लिहिला. तो इंग्रजीत छापून आला, वर माझं एकट्याचं नाव. शेवटी एक ओळ होती: धारा मोजण्याच्या कामी एका प्रयोगशाळा सहायकाचं साहाय्य झालं.

एका सहायकाचं. तुझं नाव लिहायला किती शाई लागली असती?

दिनकर, आमच्या घरी तुझा कप वळचणीला खोचलेला असायचा. आपण शाळेत असल्यापासून. तू आलास की स्वतःच काढायचास, चहा प्यायचास, धुवायचास आणि परत खोचायचास. छप्पन साली तुमच्या आळीनं धर्म बदलला, देव उचलून ओढ्यात टाकले, तुझ्या आईनं पांढरं लुगडं नेसून रांगेत उभं राहून शपथ घेतली. आमच्या वळचणीचा कप मात्र जाग्यावरच राहिला. मी आईला कधी काही बोललो नाही, आणि तूही मला काही बोलला नाहीस. मला वाटायचं, आपण दोघं त्याच्या पलीकडे गेलोय. त्या शेवटच्या ओळीत मी तुझा कप परत वळचणीला खोचला, आणि खोचताना मला काही वाटलंही नाही. हे लिहिताना वाटतंय, याचा आता तुला काय उपयोग?

तू सांगलीला आलास. स्टाफरूममध्ये माझे दोघे सहकारी बसले होते. तू छापील निबंध घडी करून पिशवीत आणला होतास. चहा प्यायलास. मी नावाबद्दल काहीबाही सांगायला लागलो, संपादकांची पद्धत असते वगैरे. तू मधेच थांबवलंस.

"नावाचं राहू दे रं. दोन जाती लिवल्यात, ते खोटं हाय. तेवढं दुरुस्त कर."

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. दोघे सहकारी ऐकत होते. मी म्हणालो, "धारा मोजणं तुझं काम, दिनकर. अर्थ लावणं माझं."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग कप उचललास, कोपऱ्यातल्या नळावर नेऊन धुतलास आणि टेबलावर उपडा ठेवून निघून गेलास. आमच्याकडे कप धुवायला शिपाई आहे. तुला ते माहीत होतं.

त्यानंतर मी तुला पत्र लिहिलं नाही. मला राग होता. कसला म्हणशील तर तू बरोबर असशील याचा. मी स्वतःला सांगितलं, जखम सुकू दे. तुझंच वाक्य वापरलं मी, सोयीसाठी. सुकायला तीन आठवडे लागतात, तू मोजून दाखवले होतेस. मी वर्षं घालवली. मग पार्सल आलं आणि मी ते कपाटात टाकलं.

काल सकाळी, कॉलेज भरायच्या आधी, मी कपाट उघडलं.

गोणपाट एका टोकाला फाटलं होतं. उंदीर असेल म्हणून मी हात मागे घेतला. उंदीर नव्हता. शिवण उसवून एक कोंब बाहेर आला होता, बोटाएवढा बारीक, पिवळट पांढरा, दाराच्या फटीकडे वळलेला. तेरा महिने पाणी नाही, माती नाही, फटीतून येईल तेवढाच उजेड. मी खाली फरशीवरच बसलो.

पार्सल तू त्याच सुतळीनं बांधलं होतंस. दुष्काळातल्या गाठी तशाच होत्या. ती कापायचा धीर झाला नाही, एकेक वेढा सोडवत बसलो. आत दोन हात लांब खोड, खालच्या टोकाला मुळं छाटून वाळवलेली. सोबत वहीचा अर्धा कागद, तुझं टपोरं अक्षर. "खालचा भाग कुपवाडचा. वरचा साताऱ्यात प्रयोगशाळेच्या मागं सावलीत वाढलेला. उकळला नाही, जिवंत पाठवला आहे. किती ते मी सांगत नाही. मोज तूच, अर्थपण तूच लाव."

मी मोजल्या. खाली आठ. मग एक धार वर जाता जाता बारीक होऊन विरते, तिच्यापुढं दुसरी, तिच्यापुढं तिसरी. वरच्या भागात पाच. आणि माझ्या कपाटात अंधारात वाढलेल्या त्या कोंबाला चार. एकाच खोडावर माझ्या दोन्ही जाती, वर आणखी एक करायची म्हटली तर तीही. मी पुन्हा मोजल्या, काटा बोटात गेला तरी मोजल्या. रागानं तुझं नाव घेऊन तोंडात शिवी आली. एवढं साधं. पार्सल आलं त्या दिवशी फोडलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

आज साताऱ्याला जाऊन आलो. खोड गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. एस.टी.त शेजारचा मला विचारत होता काय आहे म्हणून, मी निवडुंग म्हटल्यावर तो सरकून बसला.

वहिनी दारातच होत्या. तुझा फोटो भिंतीवर लागलाय, लग्नातला कापून मोठा केलेला. काय बोलायचं ते मी वाटभर पाठ करत आलो होतो. म्हणालो, वहिनी, मी दुरुस्ती छापणार, दिनकरचं नाव वर, माझं खाली. मी आणखीही बरंच बोललो, आता लाज वाटते. मेलेल्याचं नाव वर घालायला माझ्या पदरचं काय जात होतं?

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग गोणपाटाकडे बोट केलं. "भावजी, मोजल्या का?"

मी हो म्हणालो.

"किती निघाल्या?"

"खाली आठ. वर पाच. शेंड्याला चार."

"मग जाती किती?"

प्रयोगशाळेत तोंडी परीक्षेला मुलं बसतात तसा मी बसलो होतो. "एक," म्हणालो.

 त्या म्हणाल्या, तू शेवटी शेवटी अंथरुणातून उठत नव्हतास, पण पोस्टमनची सायकल वाजली की हाताला धरून बसवायला लावायचास. सांगलीचं काय हाय का, एवढंच विचारायचास. त्या रडल्या नाहीत. पदरानं खोडावरची धूळ पुसली, जपून, काटे चुकवून, जसं तूच शिकवलं असशील.

"एकच जात हाय. एवढंच लिवायचं हुतं की, भावजी. एका कार्डावर मावलं असतं."

मावलं असतं, दिनकर. अर्धं कार्ड कोरं राहिलं असतं.